शंभर दीनारांचा हिशेब

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत प्रभुभोजनाच्या आधी एक क्षण येतो. पाळक वेदीपाशी उभे राहून शांतीचे आशीर्वचन उच्चारतात आणि सगळी मंडळी आपापल्या बाकावरून वळून पुढच्यामागच्या माणसाचा हात हातात घेते. थोडा गोंधळ होतो, लहान मुले संधी साधून बाकांमधल्या वाटेने पळतात, कोणाचे तरी गीतांचे पुस्तक धप्पकन खाली पडते. त्या रविवारी माझ्या पुढच्या बाकावरचे वृद्ध गृहस्थ मागे वळले आणि त्यांनी हात पुढे केला. तो कोरडा, थरथरता आणि माझ्या अपेक्षेपेक्षा फार हलका होता. ‘शांती असो,’ असे ते म्हणाले आणि हात सोडण्याआधी जरा खालच्या आवाजात त्यांनी जोड दिली, ‘जुनं काही मनात ठेवू नका, ताई.’ मी मान हलवली. ऑर्गनचे सूर सुरू झाले, सगळे पुन्हा समोर तोंड करून बसले आणि भाकर व द्राक्षारस घेण्यासाठी एकेक रांग उठू लागली. रांगेत पुढे सरकताना माझ्या डोक्यात प्रार्थना नव्हती. ‘जुनं काही’ हे दोन शब्द होते.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझे वडील मंडळीचे खजिनदार होते. इमारतीच्या दुरुस्तीच्या निधीत काहीतरी काळेबेरे आहे, अशी कुजबुज याच गृहस्थांनी सुरू केली होती. पुढे रीतसर हिशेब तपासले गेले, रक्कम पैशापैशापर्यंत जुळली, अहवालावर सह्या झाल्या आणि तो अहवाल कमिटीच्या कपाटात गेला. पण कुजबुज ज्या वाटांनी पसरते त्या वाटांनी तिचे खंडन कधी जात नाही. वडिलांनी सगळ्या पावत्यांच्या दुय्यम प्रती एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या पश्चात ती पेटी मी उघडली तेव्हा टाचण्या गंजून प्रत्येक गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर तांबूस डाग उमटले होते आणि कार्बनची निळी अक्षरे बोटांना लागत होती. ज्या माणसावर कोणी उघड आरोपही केला नाही, त्याने आयुष्यभर पुरावा सांभाळून ठेवला होता. उपासनेत पूर्वी मधल्या बाकावर बसणारे वडील नंतर शेवटच्या बाकावर बसू लागले आणि अखेरचे ‘आमेन’ झाले की कोणी वळून पाहण्याच्या आत बाहेर पडू लागले. त्या गृहस्थांविषयी त्यांनी घरात कधी वावगा शब्द काढला नाही. ते क्षमेचे लक्षण होते की निव्वळ थकव्याचे, हे मला आजही ठरवता येत नाही.

तेव्हा मला खटकले ते त्यांनी हात पुढे केला म्हणून नव्हे. झाल्या गोष्टीचे नावही न घेता ती मिटवून टाकण्याची विनंती मला करण्यात आली होती, आणि विनंती करणाऱ्याचा स्वर असा होता की जणू मनात काही ठेवणे हाच या प्रकरणातला एकमेव दोष असावा.

क्षमेचा विषय निघाला की बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय हमखास उघडला जातो. भावाने अपराध केल्यास किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे येशूचा शिष्य पेत्र विचारतो. येशू त्याला साताच्या सत्तर वेळा असे उत्तर देतो आणि पाठोपाठ त्या निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगतो. राजाने त्याचे दहा हजार तालंतांचे कर्ज सोडले, आणि तो बाहेर पडल्याबरोबर शंभर दीनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा आवळू लागला. या दाखल्यावरचे उपदेश मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि बहुतेकांत त्या शंभर दीनारांची वासलात ‘क्षुल्लक रक्कम’ म्हणून एका वाक्यात लावली जाते. हिशेबाच्या घरात वाढल्यामुळे असेल, मला तिथे नेहमी अडखळायला होते. याच शुभवर्तमानात, द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांच्या दाखल्यात, एक दीनार ही एका दिवसाची मजुरी ठरलेली आहे. म्हणजे शंभर दीनार ही शंभर दिवसांच्या घामाची किंमत झाली. शब्बाथाचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचे, दिवस वगळले तर जवळजवळ चार महिन्यांची कमाई. हातावर पोट असलेल्या माणसाचे चार महिने बुडाले तर त्याच्या घरात काय होते, हे त्या दाखल्याच्या पहिल्या श्रोत्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुसरी रक्कम अर्थातच वेड लावणारी आहे. एक तालंत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. दहा हजार तालंतांचे सहा कोटी दीनार होतात, आणि एकही दिवस न चुकता राबून एका मजुराने ते फेडायचे म्हटले तर सुमारे १ लाख ६४ हजार वर्षे लागतील. येशूच्या काळातला तिथला शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रदेशांतून मिळून वर्षाला २०० तालंतांचा महसूल मिळे, असे जोसेफस हा इतिहासकार नोंदवतो. त्या मानाने हे कर्ज त्या प्रदेशांच्या पन्नास वर्षांच्या महसुलाएवढे भरते. ‘मला वागवून घ्या, मी सगळे फेडीन,’ असे तो चाकर राजाच्या पाया पडून म्हणतो तेव्हा श्रोत्यांमध्ये हशा पिकला असला पाहिजे. देवाने माझे जे सोडले आहे त्यापुढे माणसांनी माझे जे बुडवले आहे ते नगण्य, हा दाखल्याचा रोख मला मान्यच आहे. पण येशूला सोबतीच्या चाकराचे देणे एक दीनारही सांगता आले असते, आणि तसे केल्याने दाखला अधिकच टोकदार झाला असता. त्याने शंभर सांगितले. दहा हजार तालंतांच्या शेजारी ठेवले तर ते काहीच नाहीत. गरिबाच्या ओंजळीत ठेवले तर खरोखरचे शंभर आहेत. मला वाटते, दुखावलेल्या माणसाशी बोलताना या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत हे आपण विसरतो.

विसरतो याचे कारण सोयीचे आहे. ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं,’ ‘जाऊ द्या, झालं गेलं,’ ‘त्यांचा तसा हेतू नव्हता’ अशी वाक्ये आपण ज्या सहजतेने समोरच्याच्या हातात ठेवतो, त्या प्रत्येक वाक्यात शंभराचे दहा आणि दहाचा एक करण्याची घाई असते. क्षमा मागणाऱ्याला रक्कम लहान हवी असते, म्हणजे त्याला फारसे वाकावे लागत नाही. मध्यस्थाला ती लहान हवी असते, म्हणजे त्याची सुटका लवकर होते. आणि खरे सांगायचे तर क्षमा करणाऱ्यालाही पुष्कळदा ती लहानच हवी असते, कारण आपल्याला एवढे लागले हे कबूल करण्यात एक प्रकारचा कमीपणा वाटतो. मोठ्या मनाचा माणूस असल्या गोष्टींनी दुखावला जातच नाही, अशी आपली समजूत असते.

शून्य रकमेचे कर्ज कोणाला माफ करता येत नाही.

बायबलमधला स्तोत्रांचा संग्रह, स्तोत्रसंहिता, या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ धीट आहे. पंचावन्नाव्या स्तोत्रातला कवी देवाला सरळ सांगतो की निंदा करणारा शत्रू असता तर मी ते सोसले असते, पण हा तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, ज्याच्यासोबत मी देवाच्या मंदिरात जात असे. ही ओळ वाचताना मला दरवेळी त्या शेवटच्या बाकाची आठवण येते. एकशेनवव्या स्तोत्रात तर शापांची अशी माळ आहे की ती मोठ्याने वाचताना जीभ अडावी: त्याचे दिवस थोडके होवोत, त्याचे पद दुसरा घेवो, त्याची मुले भीक मागत फिरोत. उपासनेत आपण असले भाग सहसा वगळतो, आणि लहान मुले समोर बसलेली असताना वगळावेत हेही खरे. परंतु ते पवित्र शास्त्रातून कोणी वगळले नाहीत, याचा मला फार आधार वाटतो. तिथे तो माणूस आपल्या रागाचा आकडा पूर्ण लिहितो आणि वही देवाच्या हाती देतो. शत्रूच्या घरी चालून जात नाही. सूड घेणे हे माझे काम आहे, मी फेड करीन, असे प्रभू म्हणतो, हे वचन प्रेषित पौल रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिताना उद्धृत करतो. लोक ते धमकीसारखे वाचतात, मला ते वसुलीच्या कामातून मिळालेल्या सुटकेसारखे वाटते.

माझ्यापुढची खरी अडचण मात्र निराळीच होती. नुकसान कोणाचे झाले होते? पत वडिलांची गेली होती आणि वडील आता नाहीत. त्यांच्या वतीने मी क्षमा केली तर ते दुसऱ्याच्या खात्यातले पैसे उधळण्यासारखे होईल, आणि त्यांच्या वतीने ती नाकारली तर त्यांनी कदाचित केव्हाच फाडून टाकलेली चिठ्ठी मी पुन्हा चिकटवत बसल्यासारखे होईल. बराच विचार केल्यावर एवढेच हाती लागले की माझ्या वाट्याचे ऋण वेगळे आहे. बापाला मान खाली घालून बाहेर पडताना पाहणाऱ्या मुलीचे ते ऋण आहे. गायकवृंदात पहिल्या रांगेत उभे राहून गाताना, समोरच्या कोणकोणत्या चेहऱ्यांमागे ती कुजबुज असेल याचा अंदाज बांधत राहण्याचे ते ऋण आहे. तेवढे माझे आहे, तेवढेच मी सोडू शकते.

या संदर्भात मला सिस्टर राणी मारिया यांच्या धाकट्या बहिणीची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. इंदूरजवळच्या उदयनगर भागात सावकारांच्या कचाट्यातल्या गरीब शेतकऱ्यांना संघटित करणाऱ्या या धर्मभगिनीला २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये प्रवाशांदेखत भोसकून मारण्यात आले. मारेकरी समंदर सिंह याला जन्मठेप झाली. त्यांची बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, याही धर्मभगिनी होत्या. २००२ साली रक्षाबंधनाच्या सुमारास त्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समंदर सिंहच्या मनगटावर राखी बांधली. पुढे राणी मारियांच्या कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, घोषित करण्यात आले. ही कथा सांगताना लोक राखीच्या प्रसंगाशी घाईने पोहोचतात. माझे लक्ष १९९५ आणि २००२ या दोन आकड्यांच्या मधल्या जागेकडे जाते. त्या वर्षांतल्या किती सकाळी त्या बहिणीने प्रभूची प्रार्थना म्हटली असेल, आणि आपल्या ऋण्यांस ऋण सोडण्याच्या त्या ओळीपाशी तिचा आवाज कसा झाला असेल? माझ्या पत्र्याच्या पेटीची या दुःखाशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. पण बहिणीने क्षमा केली ती बहिणीच्या वाट्याची, हे मला तिथे दिसते. बसमध्ये मारल्या गेलेल्या स्त्रीच्या वाट्याचे जे होते ते देवापाशी आहे.

क्षमा केली म्हणजे परिणामही पुसले पाहिजेत, असा एक समज आपल्या मंडळ्यांमध्ये घट्ट बसला आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमथी, यांना गाडीत झोपलेले असताना जाळण्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले. त्यामुळे खटला थांबला नाही आणि थांबायला हवा होता असेही नाही. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. विधवेच्या मनातला द्वेष आणि राज्याचा दंड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मार खाणाऱ्या बाईला ‘साताच्या सत्तर वेळा’ ऐकवून पुन्हा त्याच घरात पाठवणारे वडीलधारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी त्याच अठराव्या अध्यायातला आधीचा भाग वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही: अपराध करणाऱ्याला एकांतात त्याचा दोष दाखव, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव. साताच्या सत्तर वेळांची आज्ञा या पायऱ्यांच्या नंतर येते.

पौलाचे मला यासाठीच आवडते की तो साधूसंतांसारखा गोड बोलत नाही. आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, मरण समोर दिसत असताना, तो आलेक्सांद्र तांबटाचे नाव घेऊन लिहितो की त्याने माझे पुष्कळ वाईट केले, प्रभू त्याच्या कृत्यांप्रमाणे त्याची फेड करील, आणि तूही त्याच्यापासून जपून राहा. लगेच दोन ओळींनंतर तो सांगतो की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणीही उभे राहिले नाही, सगळे मला सोडून गेले. हे त्यांच्या हिशेबी धरले जाऊ नये. एकाच परिच्छेदात दोन नोंदी. एक प्रभूच्या हवाली केलेली आणि सावधगिरीच्या सूचनेसह, दुसरी पूर्ण सोडलेली. भित्रेपणाने पळालेले मित्र आणि जाणूनबुजून विरोध करणारा तांबट यांना पौल एका मापाने मोजत नाही, आणि कोणाविषयीच ‘तसं काही झालंच नाही’ असे म्हणत नाही. रोमकरांस लिहितानाही सर्वांबरोबर शांतीने राहा, एवढेच सांगून तो थांबत नाही. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, अशी पुस्ती जोडतो. अनुभवी माणसाचीच ही पुस्ती असू शकते.

वधस्तंभावरून येशूने उच्चारलेल्या वाक्याविषयीही थोडे. हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या काही प्राचीन हस्तलिखितांत हे वाक्य आढळत नाही, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. पण ते नसते तर आपला विश्वास किती उणा झाला असता, हेही त्यांना ठाऊक असावे. मला त्यातली एक गोष्ट उशिरा दिसली आणि तेव्हापासून ती सुटत नाही. येशू तिथे सैनिकांकडे पाहून ‘मी तुम्हांला क्षमा करतो’ असे म्हणत नाही. तो बापाकडे मागतो. दगडांचा मारा होत असताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफनही हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस अशी प्रभूलाच विनंती करतो. ज्या दिवशी माझ्या तोंडून क्षमेचा शब्द निघत नाही, त्या दिवशीही एवढी विनंती मला करता येते, दात-ओठ खात का होईना. मात्र त्या वाक्याचा उत्तरार्ध मी त्या वृद्ध गृहस्थांना लावून पाहिला तेव्हा तो बसला नाही. आपण काय करत आहोत हे त्यांना चांगले समजत होते, असे माझे मत आहे. तरीही त्यांच्यासाठी पूर्वार्ध मागावा लागतो, आणि तो मी मागते. कधी मनापासून, कधी नुसता पाठ म्हटल्यासारखा. माझे शंभर दीनार पूर्ण शंभरच होते, आणि ते आता मला वसूल करायचे नाहीत, इथपर्यंत मी आले आहे. त्यांच्यासोबत चहा घ्यावा असे मात्र अजून वाटत नाही.

क्षमा मिळालेल्यांच्या बाजूने हा प्रवास कसा असतो, याचा विचार आपण कमी करतो. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला त्याच्या भावांनी विकले होते आणि पुढे तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झाला; धान्यासाठी तिथे आलेल्या त्या भावांना तो एकाएकी मिठी मारत नाही. आधी त्यांना कठोरपणे बोलतो, तीन दिवस अटकेत ठेवतो, शिमोनाला ओलीस ठेवून घेतो, बन्यामीनच्या गोणीत रुप्याचा प्याला लपवतो, आणि मधूनमधून आत जाऊन रडून तोंड धुऊन परत येतो. भावांपैकी यहूदा धाकट्या भावाऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो तेव्हा कुठे तो आपली ओळख देतो. त्यानंतर त्यांचा बाप याकोब मिसरात सतरा वर्षे जगला. ती सगळी वर्षे भाऊ योसेफाच्या आश्रयाने राहिले, त्याने दिलेले अन्न खात आले. आणि बाप मरताच त्यांनी घाबरून निरोप पाठवला: मरण्यापूर्वी बापाने सांगितले आहे की तू आम्हांला क्षमा करावीस. याकोबाने असे काही सांगितल्याची नोंद आधी कुठेही नाही. भीतीपोटी त्यांनी तो निरोप रचला असणार, असे मला वाटते. निरोप ऐकून योसेफ रडला. का रडला हे शास्त्र सांगत नाही. आपण सोडलेले कर्ज सतरा वर्षांत त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, हे त्याला त्या दिवशी कळले असावे. तो त्यांना ‘तसं काही नव्हतंच’ असे म्हणत नाही. तुम्ही माझे वाईट योजले, असे तो तोंडावर सांगतो. देवाने त्यातून चांगले केले, हेही सांगतो. आणि मी काय देवाच्या ठिकाणी आहे, असे विचारून लगेच त्यांच्या मुलाबाळांच्या पोटापाण्याची जबाबदारी पुन्हा एकदा आपल्याकडे घेतो. त्या उत्तराने भावांची भीती गेली की नाही, ते लिहिलेले नाही.